दत्तू कोणाचा? : ‘स्मृतिचित्रे’तील ताटातूट आणि तिची भाषा



आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा परिचय करून घेताना लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा उल्लेख आपण यापूर्वी केला आहे. या ग्रंथावर परीक्षेत जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची बोलभाषा आणि त्यांनी रेखाटलेले नारायण वामन टिळकांचे व्यक्तिचित्र यांच्याभोवती फिरतात. ते योग्यही आहे. परंतु नवरा आणि बायको या दोन ठळक व्यक्तींच्या मध्ये एक लहान मूल उभे आहे आणि त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. ते मूल म्हणजे दत्तू, पुढे देवदत्त नारायण टिळक या नावाने ओळखले गेलेले लेखक व संपादक. प्रस्तुत पाठात आपण या मुलाच्या बाजूने ग्रंथाकडे पाहणार आहोत. वडिलांच्या धर्मांतरानंतर हे मूल कोणाचे ठरते, हा प्रश्न त्या काळी कायद्यासमोर होता, जातीसमोर होता, चर्चसमोरही होता. लक्ष्मीबाईंच्या गद्यात तो कसा उतरला, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

आपल्यापैकी अनेक जण स्वतः पालक आहेत. नोकरीसाठी मूल गावी ठेवून शहरात राहणारे आहेत. पाथर्डी-शेवगावकडून दरवर्षी ऊसतोडीला जाताना मूल आजीपाशी सोडणारी कुटुंबे आपल्यापैकी काहींनी जवळून पाहिली असतील. तो अनुभव बाजूला ठेवून हा पाठ वाचावा, अशी अपेक्षा नाही. साहित्याच्या अभ्यासात वाचकाचे आयुष्य ही अडचण नसते.

घटनांचा क्रम

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेतली जात नसे. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी होते, वक्ते होते आणि एका जागी स्थिर न राहणारे होते. नागपूर, राजनांदगाव अशी त्यांची भ्रमंती चालू असता 1893 च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी दत्तू तीन-चार वर्षांचा होता आणि आईजवळ होता.

यानंतरची चार-पाच वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. टिळक अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गुंतले. तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवू लागले. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. या काळातील काही भाग पंढरपुरात गेला. पुढे त्या मुलासह नगरला आल्या, परंतु आल्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपला आचार आणि आपली चूल त्यांनी निराळी ठेवली. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला.

नगरविषयी दोन शब्द येथे आवश्यक आहेत. अमेरिकन मिशनचे ठाणे या शहरात 1831 साली आले आणि 1833 साली येथे मंडळी स्थापन झाली. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 साली येथूनच निघू लागले; 1912 पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे होते. म्हणजे 1895 साली टिळक ज्या गावी गेले तेथे ख्रिस्ती समाज दोन पिढ्या नांदत होता, त्याच्या शाळा होत्या, छापखाना होता, मराठीतून उपासना होती. टिळक एका समाजातून दुसऱ्या समाजात गेले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंना मात्र कोणताच समाज पूर्णपणे उरला नव्हता. सवाष्ण असून नवरा नाही, विधवा नसून विधवेसारखे परावलंबन, असे त्यांचे स्थान झाले.

कायदा काय म्हणत होता

धर्मांतरामुळे मूल दुरावण्याची घटना टिळकांच्या पूर्वी पन्नास वर्षे मुंबईत गाजली होती. जॉन विल्सन यांच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा लहान भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली आणि न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतला वडिलांच्या हवाली केले. मूल घरी आले. पण प्रकरण मिटले नाही. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठा कलह झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या प्रकरणातील विसंगती आपण ध्यानात घ्यावी. मूल परत मिळावे म्हणून न्यायालयात जाणारा समाज आणि परत मिळालेले मूल पंक्तीला घ्यावयास कचरणारा समाज एकच होता.

श्रीपतच्या प्रकरणात वडील हिंदू होते व मूल मिशनकडे होते. टिळकांच्या घरात परिस्थिती नेमकी उलटी होती. वडील ख्रिस्ती झाले होते आणि मूल हिंदू आईकडे होते. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे किंवा जात गेल्यामुळे माणसाचे हक्क बुडणार नाहीत, असे ठरवले होते. अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक बाप, हे तत्त्व त्या काळी सर्वमान्य होते. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाचे हित आणि त्याचा धर्म यांचा विचार करण्यास न्यायालयाला सांगितले खरे. तथापि नालायक न ठरलेल्या बापाचे पारडे जडच राहिले. आईचा हक्क कायद्याच्या दृष्टीने दुय्यम होता.

विवाहासंबंधीही कायदा टिळकांच्या बाजूचा होता. धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तींच्या विवाहविच्छेदासाठी 1866 साली खास कायदा झाला होता. धर्मांतराच्या कारणाने जोडीदाराने सलग सहा महिने सहवास नाकारला तर धर्मांतरित व्यक्तीस न्यायालयात जाता येत असे. न्यायालय जोडीदाराला विचारासाठी एक वर्षाची मुदत देई आणि त्यानंतरही नकार कायम राहिला तर विवाह मोडून दोघांनाही पुनर्विवाहाची मोकळीक मिळे. टिळकांना 1897 पर्यंत हे सर्व उरकून नवा संसार थाटता आला असता. मुलासाठी अर्ज करता आला असता. ते न्यायालयाची पायरी चढले नाहीत. मोकळे होण्याची वाट कायद्याने करून दिली असतानाही ते बांधलेले राहिले, ही गोष्ट टिळकांच्या चरित्रातील कोणत्याही काव्यगुणाइतकीच महत्त्वाची आहे असे माझे मत आहे.

याचा अर्थ टिळकांना दोषमुक्त करावे असा नाही. पत्नी आणि मूल दूर असताना एवढा मोठा निर्णय घ्यायचा आणि त्याचे परिणाम तिने सोसायचे, यात त्या काळच्या पुरुषाचे स्वातंत्र्य जितके दिसते तितकीच त्याची बेपर्वाईही दिसते. धर्म निवडण्याचा अधिकार टिळकांनी बजावला. लक्ष्मीबाईंना तो अधिकार वापरण्यासाठी आधी पाच वर्षे ओशाळवाण्या आश्रितपणात काढावी लागली.

क्रियापदांची साक्ष

भाषेच्या अभ्यासकाला या कहाणीत विशेष रस वाटतो तो त्या काळच्या क्रियापदांमुळे. एकच घटना मराठीत कमीतकमी चार प्रकारे सांगता येत होती. ‘तो बाटला’, ‘त्याला बाटवले’, ‘तो ख्रिस्ती झाला’ आणि ‘त्याने बाप्तिस्मा घेतला’. ही चार वाक्ये आपण शेजारी शेजारी लिहून पाहा.

‘बाटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. भांडे बाटते, पाणी बाटते, तसा माणूस बाटतो. कर्ता येथे व्याकरणापुरता कर्ता. प्रत्यक्षात त्याच्यावर काहीतरी घडलेले असते आणि जे घडले ते मलिन करणारे असते. ‘बाटवणे’ हे प्रयोजक रूप. त्यात दुसरा कोणी कर्ता शिरतो, मिशनरी किंवा इंग्रज सरकार, आणि धर्मांतर करणाऱ्याची इच्छा वाक्यातून नाहीशी होते. ‘ख्रिस्ती होणे’ यात ना निंदा ना कौतुक. ‘डॉक्टर होणे’, ‘म्हातारे होणे’ यांच्याच ओळीतले ते रूप आहे. चौथ्या वाक्यात मात्र ‘त्याने’ असा तृतीयान्त कर्ता येतो व कृती सर्वस्वी त्याची होते. घेणे म्हणजे हात पुढे करणे. नातेवाईक पहिल्या दोन वाक्यांत बोलत होते, मिशन चौथ्या वाक्यात बोलत होते. ज्या स्त्रीला दोन्हीकडील माणसे आपली म्हणावयाची आहेत तिने कोणते वाक्य उच्चारावे? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाई स्वतःच्या निवेदनात कोणते क्रियापद वापरतात आणि नातेवाइकांच्या तोंडी कोणते देतात, याकडे लक्ष ठेवा. पात्रांच्या तोंडचा तिखटपणा निवेदनात झिरपू न देणे हे त्यांच्या गद्याचे मोठे सामर्थ्य आहे.

दुसरी गोष्ट नावाची. त्या पिढीतील स्त्रीने नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नसे. ‘इकडून येणे झाले’, ‘स्वारी आली’ अशी कर्त्याला झाकणारी वाक्यरचना मराठीने त्यासाठी घडवली होती. लक्ष्मीबाई मात्र ग्रंथभर ‘टिळक’ असे लिहितात. त्यात आदरार्थी बहुवचन आहे, पण पदर पुढे ओढून बोलणे नाही. हे आडनाव त्यांचेही होतेच. परिणाम असा होतो की पुस्तकातील पती-पत्नी एकमेकांसमोर उभी राहतात, एक दुसऱ्याच्या मागे नाही. आणि या दोघांच्या मध्ये ‘दत्तू’ हे एकवचनी, लाडके, तोडलेले नाव. मूल आपले आहे हे सांगण्यासाठी मराठी आईला वेगळे वाक्य लागत नाही. नाव तोडून घेतले की पुरते.

तिसरी गोष्ट शब्दाच्या अभावाची. बाप मेला तर मुलाला ‘पोरके’ म्हणतात. दोन्ही पालक नसतील तर ‘अनाथ’. बाप जिवंत आहे, पत्रे लिहितो आहे, मुलावर त्याची माया आहे, परंतु तो ज्या घरात आहे तेथे या घरची माणसे पाणीही पीत नाहीत, अशा मुलाला मराठीत शब्द नाही. ज्या स्थितीला भाषेत नाव नसते तिच्याविषयी सहानुभूती दाखवणेही लोकांना जमत नाही. दत्तूच्या बाबतीत नातेवाईक कधी अतिलाड करीत, कधी त्याच्या भवितव्याची काळजी वाहत; पण या मुलाला काय म्हणावे हे कोणालाच उमगत नसावे.

पालक व मूल यांच्या दुराव्यासाठी मी या पाठाच्या शीर्षकात ‘ताटातूट’ हा शब्द योजला आहे, तोही विचारपूर्वक. ‘विरह’ हा प्रियकर-प्रेयसीचा किंवा भक्त-देवाचा. ‘वियोग’ मृत्यूनेही होतो. ‘ताटातूट’ व्हायला मात्र दोन्ही बाजू जिवंत असाव्या लागतात. त्यांना कोणीतरी किंवा कशाने तरी ओढून वेगळे केलेले असते आणि पुन्हा भेट होण्याची शक्यता शब्दाच्या अर्थातच शिल्लक असते.

श्रद्धेच्या आतला ताण

ख्रिस्ती शिकवण कुटुंब तोडते की जोडते? हा प्रश्न टिळकांच्या निमित्ताने पुष्कळदा विचारला गेला. त्याचे एकच उत्तर शुभवर्तमानातही नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो की जो पुत्रावर किंवा कन्येवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. उलट पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगतो की विश्वास न ठेवणारी पत्नी पतीबरोबर नांदावयास राजी असेल तर त्याने तिला सोडू नये. टिळकांना ही दोन्ही वचने माहीत असणारच. पहिल्याने त्यांना घराबाहेर नेले. दुसऱ्याने परत घराकडे पाहावयास लावले. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या यात्रेत हरवतो आणि आईबाप त्याला तीन दिवस शोधतात. मूल मंदिरात सापडते, पण त्याचे उत्तर आईला समजत नाही. स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून, म्हणजे 1616 पासून, मराठीत येशूची कथा सांगितली जात आहे, आणि त्या कथेत हरवलेल्या मुलाला शोधणारी आई आरंभापासून आहे.

नगरच्या मिशनऱ्यांच्या घरांतही ही वेदना नवी नव्हती. अमेरिकन कुटुंबे आपली मुले काही वर्षांची झाली की शिक्षणासाठी मायदेशी पाठवीत. बोटीचा प्रवास, महिनोन्‌महिने येणारी पत्रे आणि कधीकधी पुन्हा न होणारी भेट हे त्यांनी आपल्या कार्याचे मोल म्हणून पत्करले होते. कोडाईकनाल येथे मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा 1901 साली निघाली, ती या दुःखावरचा एक उपाय म्हणूनच. लक्ष्मीबाईंना नगरात भेटलेल्या गोऱ्या बायकांपैकी काहींची स्वतःची मुले समुद्रापार होती. त्या बायकांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या आचारात काहीच साम्य नव्हते. दूर असलेल्या माणसाच्या पत्राची वाट पाहणे मात्र दोघींनाही ठाऊक होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही येथे आठवते. सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अडीच वर्षांची होती. मनोरमेला कोणत्या पंथाचे, कोणत्या पद्धतीचे धर्मशिक्षण द्यावे यावरून रमाबाई आणि तेथील भगिनी यांच्यात वाद झाला. रमाबाईंनी मुलीच्या बाबतीतला शेवटचा शब्द आपला, असे ठणकावले. 1886 साली त्या मुलीसह अमेरिकेला गेल्या, परंतु काही काळाने मनोरमेला इंग्लंडला परत पाठवून स्वतः 1888 पर्यंत अमेरिकेत हिंडत, व्याख्याने देत राहिल्या. चर्चच्या अधिकारासमोर मुलीवरचा हक्क सोडण्यास तयार नसलेली आई कार्यासाठी मुलीपासून दूर राहते, हे कठोर वाटते खरे. पुढे मायलेकींनी खांद्याला खांदा लावून ‘मुक्तिमिशन’ चालवले. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली आणि पुढच्या एप्रिलात रमाबाई. रमाबाईंची विद्वत्ता लक्ष्मीबाईंजवळ नव्हती. अक्षरओळखही जेमतेम होती. त्यांना वाद घालण्यासाठी शास्त्र नव्हते. त्यांच्याजवळ होते ते निरीक्षण.

या निरीक्षणानेच त्यांचा पुढचा निर्णय घडला. टिळकांजवळ राहत असताना, बाप्तिस्म्याच्या आधीच, लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळ्याचा गड ढासळला. देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या, असे त्यांच्या विचाराने घेतले आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्यांना अडचण वाटेना. ज्या मुलीच्या बापाने घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतली तिने हे केले. हा बदल नवऱ्याच्या दबावाने झाला की मुलाला बाप मिळावा म्हणून, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. ग्रंथ याला सरळ उत्तर देत नाही आणि आपणही ते त्याच्यावर लादू नये. एवढे म्हणता येईल की नगरला येणे आणि ख्रिस्ती होणे या दोन क्रिया लक्ष्मीबाईंनी वेगळ्या ठेवल्या. पहिली कुटुंबासाठी होती. दुसरी त्यांनी स्वतःच्या सवडीने, स्वतःची खात्री पटल्यावर केली.

नगरचे घर

एकत्र आल्यावरचे टिळकांचे घर वाचताना आपल्याला गंमत वाटते, कारण त्या घरात दोन चुली, दोन आचार आणि एक मूल आहे. धर्माच्या भिंतीपेक्षा स्वयंपाकघराची भिंत अधिक पक्की असते, हे मराठी घरांत वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दत्तू या दोन्ही बाजूंना वावरणारा एकटाच. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे मूल, असे आपण सहज म्हणून जातो. पण अशा दुव्यावर किती भार येतो याचा विचार क्वचितच करतो.

पुढे कुटुंबाचे काही दिवस राहुरीत गेले. 1899-1900 च्या भीषण दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला होता आणि आईबापांना मुकलेली मुले मिशनच्या आश्रयाला येत होती. टिळकांच्या घरात अशा मुलांचा राबता सुरू झाला. टिळक कोणालाही घरी घेऊन येत आणि त्याला जेवू घालण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर पडे, हे ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे एक हमखास स्थान. या विनोदामागे चार-पाच वर्षे ताटातूट भोगलेली आई आहे, हे लक्षात ठेवून ती प्रकरणे पुन्हा वाचावीत.

त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, याच घरात मुलासारखे राहिले. त्यांच्याविषयी लक्ष्मीबाईंनी जे लिहिले आहे त्यात आईची माया आणि आईचा वैताग दोन्ही आहेत. टिळकांच्या सहवासात राहून मुलगा ख्रिस्ती होईल, अशी धास्ती अशा तरुणांच्या घरच्यांना वाटणे स्वाभाविक होते. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. ज्या घराने धर्मापायी मूल दुरावण्याचा अनुभव घेतला होता त्या घरात दुसऱ्याचे मूल आपल्या धर्मासह राहू शकले, ही नोंद धर्मांतराच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

टिळकांच्या भक्तिरचनेचाही या घराशी संबंध जोडता येतो. ख्रिस्ती प्रार्थनेत देव पिता आहे. टिळकांनी अभंग आणि भजन या वारकरी परंपरेतील रूपांचा स्वीकार केला आणि ख्रिस्ताला आई, माउली, गुरुमाउली अशा नात्यांनी हाक मारली. विठ्ठलाला ‘विठाई’ म्हणणाऱ्या भाषेत हे नवल नाही. तरीही स्वतः बाप असलेला, काही वर्षे मुलापासून दूर राहिलेला कवी देवाला बापाऐवजी आई म्हणून पुकारतो, याकडे केवळ परंपरेचा प्रभाव म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. त्याच वर्षांपैकी काही काळ त्याची पत्नी आणि मुलगा पंढरपुरात होते.

तीन हातांचा ग्रंथ

1917 साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले व ‘देवाचा दरबार’ या नावाने जातिपंथांपलीकडील बंधुसमाज स्थापण्याचा प्रयत्न आरंभला. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय टिळकांचे. त्यापुढे लक्ष्मीबाईंनी 64 अध्याय रचले, आणि शेवटची भर देवदत्तांनी घालून 1938 साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. काव्य म्हणून त्याचे मोल ठरवताना समीक्षकांत मतभेद होऊ शकतात. अध्यायांमागून अध्याय वाचताना वेग मंदावतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु 1895 साली तीन ठिकाणी फाटलेल्या घरातील तिघांचे हात ज्यावर आहेत असा हा मजकूर आहे.

‘स्मृतिचित्रे’चा जन्मही मुलाच्या आग्रहातूनच झाला. वडिलांचे चरित्र लिहावयाचे म्हणून देवदत्तांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. आईने लिहावयास घेतले आणि वडिलांच्या चरित्राचे साधन म्हणून सुरू झालेला मजकूर स्वतःच एक श्रेष्ठ आत्मचरित्र होऊन बसला. पहिला भाग 1934 साली निघाला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई नाशिक येथे निवर्तल्या आणि चौथा भाग पुरा करण्याचे काम देवदत्तांकडे आले. येथे निवेदनाच्या दृष्टीने एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. आई ज्या ताटातुटीविषयी लिहिते आहे तिचा एक साक्षीदार तिच्या लेखनाचा पहिला वाचक आणि संपादक आहे. आपल्या मुलासमोर, त्याच्या वडिलांविषयी, त्याच्याच बालपणातील दुःखाविषयी आई किती बोलेल? काय हसण्यावारी नेईल? आत्मचरित्रातील मौनाचा विचार करताना ‘लेखिका कोणाला सांगत आहे’ हा प्रश्न प्रथम विचारावा, असे या अभ्यासक्रमात आपण वारंवार म्हटले आहे. ‘स्मृतिचित्रे’त त्याचे उत्तर सरळ आहे. ती दत्तूला सांगत आहे.

या कारणाने ग्रंथातील विनोद मला दुहेरी वाटतो. तो वाचकाला हसवतो आणि मुलाला वाचवतो. वडिलांवर आरोप करणारा एखादा परिच्छेद लिहिणे लक्ष्मीबाईंना अवघड नव्हते. जगाने तो मान्यही केला असता. त्यांनी टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा संताप, घरातील वस्तू देऊन टाकण्याची सवय यांवर मनसोक्त लिहिले आणि न्यायनिवाडा टाळला. येथे ‘टाळला’ हा शब्द मी दोष म्हणून वापरत नाही. नवऱ्याने टाकलेली बाई ही जगाने दिलेली ओळख नाकारण्याचा तो त्यांचा मार्ग होता.

वाचनासाठी

आपल्या अभ्यासकेंद्राच्या ग्रंथालयात ‘स्मृतिचित्रे’च्या एकाहून अधिक आवृत्त्या असण्याची शक्यता आहे. साहित्य अकादमीसाठी देवदत्त टिळकांनी केलेला संक्षेप आणि त्यांचे पुत्र अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे परिश्रमपूर्वक सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती, या दोन्ही शक्य झाल्यास मिळवाव्यात. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी आल्यापासून लक्ष्मीबाई नगरला येईपर्यंतची प्रकरणे दोन्ही आवृत्त्यांतून ओळीने वाचावीत. वहीचे पान उभे दुमडून एका बाजूला नातेवाइकांच्या तोंडची आणि दुसऱ्या बाजूला निवेदिकेची क्रियापदे उतरवून घ्यावीत. संक्षेप करताना मुलाने आईच्या कोणत्या वाक्यांना हात लावला नाही, त्यांवर खूण करून ठेवावी. संपर्कसत्रात आपण या नोंदींपासून चर्चेला आरंभ करू.